नाशिकच्या नाकाचे जर्मन भाऊबंद

वीकेन्डला नाशिक म्हटलं की प्रोग्राम ठरलेला. सकाळी झणझणीत मिसळ, दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूला एखादी वायनरी, आणि सोबत आई-बाबा असतील तर रामकुंड, काळाराम, त्र्यंबक. या वेळी रूट तोच ठेवा, फक्त वाटेतल्या नावांकडे जरा कान द्या. ऑफिस सुटल्यावर जर्मनचा क्लास गाठणाऱ्या मंडळींची तर इथे फुकटात रिव्हिजन होईल!

सुरुवात शहराच्या नावापासूनच. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथे, म्हणून नासिक, ही गोष्ट पंचवटीत कुणीही सांगेल. दुसरी पार्टी म्हणते, नऊ टेकड्यांची नवशिखा, तिचं झालं नाशिक. गोष्टीचं खरं-खोटं रामाला ठाऊक, पण नासिका या शब्दाचा गोतावळा मात्र पक्का आहे. इंग्रजीत नोज, जर्मनमध्ये नाझे, डचमध्ये न्योस. सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज. गंमत म्हणजे आपलं रोजचं ‘नाक’ या रांगेत नाही, ते प्राकृतातल्या ‘णक्क’वरून आलंय. म्हणजे नोजचा सख्खा नातेवाईक आपल्या चेहऱ्यावर नाही, नकाशावर आहे.

आता पाच वडांची पंचवटी. पंच, फाइव्ह आणि जर्मन फ्युन्फ, कानाला कुठे जुळतात? पण जुळतात. परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिमने 1822 मध्ये हा फंडा नीट मांडला: मूळच्या ‘प’चा जर्मेनिक भाषांत ‘फ’ होतो, ‘त’चा ‘थ’ आणि ‘ग’चा ‘क’. म्हणून पाद आणि फूट. त्र्यंबकातला ‘त्रि’ म्हणजे थ्री, जर्मनमध्ये पुढे सरकून द्राय. गौतम ऋषींची गाय त्र्यंबकच्या कथेत येते, गोदावरीच्या नावातही ‘गो’ आहे. तिची इंग्रजी बहीण काउ, जर्मन आणि डच दोन्हींत कू. एकदा हा नियम कळला की रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसून तासभर खेळता येतं.

वायनरीत मात्र सावध. वाइन आणि जर्मन वाइन उच्चारालाही सारखे, पण हे रक्ताचं नातं नव्हे. जर्मेनिक लोकांनी दारूसोबत शब्दही रोमनांकडून उचलला, लॅटिन ‘विनुम’. आपण ‘टेबल’ उचललं तसंच. आणि निव्वळ योगायोगही असतो. ‘बदनाम’ घ्या. बॅड नेम, किती फिट्ट बसतं! त्यातला फारसी ‘नाम’ खरोखर नेमचा नातलग आहे. ‘बद’ आणि बॅड यांचा मात्र काडीचा संबंध नाही. कानाला सारखं वाटणं हा पुरावा नाही, हे या एका शब्दात कळतं.

त्यामुळे ‘सगळ्या भाषांची आई संस्कृत’ असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड आला की मला अजून चिडचिड होते. विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एकच असावं, आणि ते कदाचित आता उरलेलं नाही, असं सांगितलं होतं. म्हणजे संस्कृत इंग्रजीची आई नाही, फार तर मावशी. मावशी असण्यात कमीपणा तो काय?

परतीच्या वाटेवर मुंबई-आग्रा हायवेलगतची पांडवलेणी सोडू नका. बहुतेक जण मोठी लेणी बघून, फोटो काढून उतरतात. तुम्ही 19 नंबरचं छोटं लेणं शोधा. सातवाहन राजा कन्ह याच्या काळात एका महामात्राने ते कोरवून घेतलं, आणि तो नाशिकचा होता हे तिथल्या ब्राह्मी लेखात आहे. दोन हजार वर्षं जुन्या त्या प्राकृतात शहराचं नाव ‘नासिक’च आहे, नवशिखावाल्यांना जड जाईल असं. ‘स’चा ‘श’ मराठीने केला, ‘इ’ पुढे आली की ती तसं करतेच. संस्कृत ‘सीव्’चं आपण ‘शिवणे’ केलं तसं. इंग्रजांनी त्याच धातूच्या भावाला ‘सो’ म्हटलं, सुई-दोऱ्याचं सो.