चालून दाखवणारे रंग

टी-के हे खिडक्या-बटणं बांधायचं जुनं टूलकिट. पायथनवाल्यांना ते टीकिंटरमुळे ओळखीचं असतं. त्याच्या मॅन्युअलमध्ये रंगांचं एक पान आहे: डावीकडे नाव, पुढे लाल, हिरवा, निळा यांचे आकडे. टोमॅटो २५५, ९९, ७१. चॉकलेट २१०, १०५, ३०. अशा शेकडो ओळी. आकडे बिनचूक आहेत, पण नुसत्या आकड्यांचं शेड कार्ड पाहून कुणी घराची भिंत रंगवायला काढत नाही.

या पानाला जोड म्हणून मी एक छोटं उदाहरण लिहिलं. नावांची यादी, एक लूप, आणि प्रत्येक नावासाठी त्याच रंगाचं लेबल. मोजक्या ओळी. उचलून चालवल्या की खिडकीत पट्ट्या एकाखाली एक लागतात.

त्यात ग्रे आणि डार्क ग्रे शेजारी आले, तर डार्क म्हणवणाराच फिका! कारण जुनं आहे. २०१२च्या ८.६ आवृत्तीत टी-केने काही नावांचे रंग वेबच्या पद्धतीने बदलले. एक्स-इलेव्हन या जुन्या विंडो सिस्टीमच्या हिशेबाने १९० असलेला ग्रे १२८वर उतरला, डार्क ग्रे मात्र १६९वरच राहिला. तेव्हाच ग्रीनही २५५वरून १२८वर आला. तक्त्यात हे आजचे आकडे आहेत. पण डी आणि जी या अक्षरांच्या मधल्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात येणार?

उदाहरणं चालवून असे बदल पकडता येतील का? आर या प्रोग्रॅमिंग भाषेत पॅकेज तपासताना मदतीच्या पानांवरची उदाहरणं खरोखर चालवून बघतात. एखादं अडलं की तपासणी नापास. शिस्त उत्तम आहे, तिच्यामुळे मॅन्युअल शिळं होत नाही. पण रंगांना ती पुरत नाही. ग्रीन बदलला तेव्हा माझं उदाहरण असतं, तर तेही विनातक्रार पास झालं असतं. नाव तेच, कोड तोच, एरर कुठेच नाही. बदललेला फक्त हिरवा.

म्हणून मी पट्टीवर नावाशेजारी आकडेही छापतो. हाताने लिहून नाही, ‘विन्फो आरजीबी’ या कमांडने त्या क्षणी टी-केलाच विचारून. उद्या पुन्हा नावाखालचा रंग बदलला तर पट्टीही बदलेल, आकडाही. कोड चालतो की नाही, हे यंत्राने बघावं. हिरवा हवा तसा आहे का, हे ठरवायला शेवटी कुणीतरी खिडकीसमोर बसायलाच हवं.