विश्वास बसत नाही तेव्हा

महाविद्यालयातील निरोपसमारंभांची आम्हांस कायमच थोडी धास्ती वाटत आली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सरांचा असाच समारंभ होता. त्यांच्यापाशी आम्ही इंग्रजी शिकलो आणि पुढे त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत बसून शिकवू लागलो. एका विद्यार्थिनीने मराठीतून भाषण केले. वाक्य मनात इंग्रजीत जुळले असावे, तोंडून आले ते असे : "सर म्हणजे अत्यंत अविश्वसनीय शिक्षक!" सभागृहात हशा पिकला. मुलगी गोरीमोरी झाली. सर मात्र शांतपणे म्हणाले, "हसू नका. शब्दाला दोन घरं आहेत; ती दुसऱ्या घरात गेली, इतकंच."

तेव्हापासून हा शब्द आमच्या मागे लागला आहे. 'अनीय' या प्रत्ययात शक्यता आणि योग्यता दोन्ही नांदतात. म्हणून ज्यावर विश्वास ठेवणे अवघड ते अविश्वसनीय, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवू नये तोही अविश्वसनीयच. इंग्रजीने ही कामे वाटून दिली : घटना 'इन्क्रेडिबल', बेभरवशाचा माणूस 'अनरिलायेबल'. पर्यटन मंत्रालयाने 2002 साली 'इन्क्रेडिबल इंडिया' ही मोहीम सुरू केली, तिचे हिंदी रूप 'अतुल्य भारत' असे आहे. अविश्वसनीय भारत म्हटले असते तर काय अनर्थ ओढवला असता, हे चाणाक्ष वाचकांस सांगणे न लगे!

गंमत अशी, की 'इन्क्रेडिबल'मधील लॅटिन 'क्रेडेरे' हे क्रियापद आपल्या 'श्रद्धा' या शब्दाचे सख्खे भावंड आहे. दोघांचे मूळ एकच. पतपेढीतले 'क्रेडिट' त्याच कुळातले. 'फँटॅस्टिक'ची कथाही अशीच. तो ज्या ग्रीक क्रियापदातून आला त्याचा अर्थ दिसणे, प्रकटणे. आणि त्याचे मूळ आपल्या 'भा' धातूशी जुळते. म्हणजे 'फँटसी', 'आभास' आणि 'प्रतिभा' ही दूरची चुलत नाती ठरतात. 'फॅब्युलस' मुळात 'फाब्युला'तला, म्हणजे गोष्टीतला. आज मात्र सँडविचही फॅब्युलस असते. पण इंग्रजीला नाक मुरडण्याचे कारण नाही. घाबरवणारे ते 'टेरिफिक' तिथे उत्तम झाले, तसे आपणही एखादे नाटक 'भयंकर आवडले' म्हणतोच; आणि आमचे विद्यार्थी तर 'अशक्य हसतात'. अतिशयोक्तीत वापरून वापरून शब्द झिजतात. मग खरोखरीच कल्पनेपलीकडचे काही घडले, की हाताशी शब्द उरत नाही.

'अनथिंकेबल' या शब्दाने अजून थोडे वजन राखले आहे, पण त्यातही एक गोम आहे. 1945 साली चर्चिल यांच्या सांगण्यावरून ब्रिटिश युद्धनियोजकांनी सोव्हिएत रशियाशी संभाव्य युद्धाचा आराखडा तयार केला. त्याचे सांकेतिक नाव होते 'ऑपरेशन अनथिंकेबल'. 1962 साली हर्मन काह्न यांनी अणुयुद्धावरच्या पुस्तकाच्या शीर्षकातच या अनथिंकेबलविषयी विचार करण्याची भाषा केली. ज्याचा विचारच करता येत नाही म्हणायचे, त्याचे आराखडे मात्र कागदावर तयार! तेव्हा 'अनथिंकेबल' म्हणजे विचारापलीकडचे नव्हे. ज्याचा विचार करायला मन धजू नये, ते. आपला 'अचिंत्य' याच्या अगदी उलट दिशेला तोंड करून उभा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो आत्म्याचे विशेषण म्हणून येतो, आणि लोक मुलांची नावेही अचिंत्य ठेवतात. कोशात हे दोन शब्द शेजारी छापता येतील. पण मुलाचे नाव 'अनथिंकेबल' कोण ठेवील?

सर वर्गात 'इन्क्रेडिबल' आणि 'इन्क्रेड्युलस' यांतला फरक दरवर्षी नव्या उत्साहाने समजावीत. पहिला शब्द गोष्टीचा, दुसरा ऐकणाऱ्याचा. मग विचारीत, "मराठी काय करते?" आम्ही गप्प. ते म्हणत, "मराठी म्हणते, विश्वास बसत नाही. म्हणजे दोष गोष्टीचा नाही, तुमचाही नाही. विश्वास दारात उभा आहे, पण बसायला तयार नाही."

2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, सर गेले. आदल्या रात्री ते आमच्याशी फोनवर बोलले होते. दम लागत होता, तरी उत्तरपत्रिकांची चौकशी केली. सकाळी बातमी आली. भेटीला जाणे शक्यच नव्हते. दिवसभर सगळे एकमेकांस तेच सांगत होते : विश्वास बसत नाही. त्या दिवशी प्रथमच आमच्या ध्यानात आले, की 'विश्वास' या शब्दात 'श्वस्' धातू आहे, श्वास घेण्याचा. सरांनी हे कधी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल, आणि आमचे लक्ष नसेल. विचारायला आता कोणी नव्हते.

संध्याकाळी त्या जुन्या विद्यार्थिनीचा निरोप आला. ती आता स्वतः शिकवते. एकच शब्द होता : "अविश्वसनीय."

या वेळी तो त्याच्या घरी पोहोचला होता. आम्ही उत्तरादाखल काही लिहू शकलो नाही.