आधी हात लावा

मामांनी मला दोनच प्रश्न विचारले. रोज किती किलोमीटर होतात? आणि दोन्ही पाय टेकतात का?

बाकी सगळ्यांनी तिसराच विचारला. चालवणार कोण? शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारला, जाऊबाईंनी विचारला. जुन्या गाड्यांच्या बाजारातल्या माणसांनी तर माझ्याशेजारी उभ्या असलेल्या भावाकडे बघून विचारला. मी चव्वेचाळीस वर्षांची, पाच फूट एक इंच उंचीची, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी बाई, आणि मला अ‍ॅव्हेंजर मोटारसायकल घ्यायची होती. मामांना यात नवल करण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांच्या माझ्यावरच्या उपकारांची सुरुवात तिथूनच झाली, असं मी मानते.

मामा म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री. एका फौंड्रीच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड, हेच त्यांचं गॅरेज. अकरा वर्षं माझी स्कूटर त्यांच्याच हातात होती. माझी शाळा राधानगरी रस्त्यावर, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. गळीत हंगाम सुरू झाला की या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, डांबराच्या कडा खचतात, आणि ट्रॉलीला वाट द्यायला खाली उतरावं तर स्कूटरचं छोटं चाक त्या कडेत अडकतं. २०२० च्या डिसेंबरात मी तशीच पडले. दीड महिना मनगट प्लॅस्टरमध्ये होतं.

मोठ्या चाकांची गाडी हवी, हे तेव्हाच ठरलं. पण गिअरच्या गाडीचं लायसन्स कॉलेजपासून खिशात असूनही प्रत्येक मोटारसायकलवर मी चवड्यांवर उभी राहायची. एकदा बिंदू चौकात एका मुलानं त्याच्या अ‍ॅव्हेंजरवर बसून बघू दिलं, आणि माझ्या दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. ती स्थिरता मी आजही विसरलेले नाही. दीडशे किलोहून जास्त वजनाची गाडी माझ्या दोन पायांत उभी होती आणि मला भीती वाटत नव्हती.

या गाडीचा घाट जुना, अमेरिकन रस्त्यांवरचा. बैठक जेमतेम पाऊण मीटर उंचीवर, पाय पुढे, हँडल वर आलेलं, दोन चाकांमधलं अंतर जास्त. बजाजनं २००१ मध्ये कावासाकीच्या साथीनं एलिमिनेटर काढली. २००५ मध्ये आलेली अ‍ॅव्हेंजर तिचीच पुढची पिढी. मला हवी होती ती २०१५ नंतरची क्रूझ, २२० सीसीची, तारांच्या चाकांची. पुढचं चाक १७ इंची, मागचं १५. नवी घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून जुनी.

“एकट्या जाऊ नका,” मामा म्हणाले. “रविवारी मी येतो.”

पहिला रविवार पाच मिनिटांत संपला. गाडी चकचकीत होती, विकणारा किल्ली फिरवायला पुढे झाला, तेवढ्यात मामांनी त्याला थांबवलं. “बाई, आधी हात लावा. इंजिन गार हाय का बघा.” मी तळवा टेकवला. इंजिन कोमट होतं. मामा काही न बोलता आमच्या स्कूटरकडे चालू लागले. वाटेत सांगितलं, “गिऱ्हाईक यायच्या आधी कुणीतरी गरम करून ठेवलीया. गार इंजिन पहिल्यांदा चालू होतं तवाच खरं बोलतंय. मग आवाज ऐकायचा, धूर बघायचा. निळा धूर म्हंजे आत ऑइल जळतंय. काळा असला तर पेट्रोल जादा चाललंय.” मी वीस वर्षं वर्गात ज्वलन शिकवत आले. धुराच्या रंगावरून यंत्राची तब्येत ओळखायची असते, हे मात्र मला या माणसानं शिकवलं.

दुसरी गाडी गडहिंग्लजकडे होती. मीटरवर अठरा हजार किलोमीटर, क्रोमवर एक डाग नाही. इंजिन गार, धूर स्वच्छ. मी मनानं ती घेऊन मोकळी झाले होते. मामा मात्र खाली बसले. पायाखालचं रबर गुळगुळीत झालेलं, ब्रेकच्या पेडलची जाळी झिजून सपाट. “अठरा हजारात एवढं झिजत न्हाई.” मग मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या चेनच्या खुणा मोजल्या, त्या सारख्या होत्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून जिथं ते अडतं ती जागा बोटानं चाचपली. शेवटी मालकाकडे बादलीभर पाणी मागितलं.

दोन्ही टायरांवर पाणी ओतून त्यांनी गाडी सिमेंटच्या अंगणात सरळ ढकलली आणि मला जवळ बोलावलं. मागचा टायर रुंद, पुढचा अरुंद. गाडी सरळ असेल तर पुढच्याची ओली रेघ मागच्याच्या रेघेत पुरती झाकली जाते. इथं एका बाजूनं बोटभर बाहेर डोकावत होती. गाडीनं कधीतरी जोराचा मार खाल्ला होता आणि सांगाडा वाकडाच राहिला होता. मालकही त्या रेघांकडे बघत राहिले. त्यांनीही ती जुनीच घेतलेली. त्यांना खरंच ठाऊक नसावं. उन्हानं रेघा वाळेपर्यंत आम्ही तिघं तिथंच उभे होतो.

तिसऱ्या गाडीच्या आरसी बुकावर कर्जाचा बोजा होता आणि बँकेचं ना-हरकत पत्र मालकाकडे नव्हतं. तिथून चहा पिऊन परतलो.

त्या संध्याकाळी मी मामांपुढे पाचशे रुपये धरले. तीन रविवार, त्यांचं पेट्रोल, त्यांचा वेळ. त्यांनी हात मागे घेतला. “गाडी घेतलीच न्हाई, तर पैसं कशाचं?” मला बोलता येईना. त्या तीन रविवारी त्यांनी मला काय काय होण्यापासून वाचवलं होतं, ते मी कोणत्या हिशेबात मांडणार होते?

चौथी गाडी २०२१ च्या दिवाळीनंतर इचलकरंजीत मिळाली. २०१६ ची क्रूझ. मालक यंत्रमागवाले, पाठीचं दुखणं वाढलं म्हणून विकत होते. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून गल्लीच्या टोकाला जाऊन बोललो. गाडीवर धूळ होती, चेन कोरडी होती. विकण्यासाठी तिला कुणी सजवलं नव्हतं. इंजिन दगडासारखं गार. मालकांनी डाव्या बाजूचा ओरखडा स्वतःहून दाखवला: पावसात घसरली होती, पायाचा दांडा बदललाय. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. भाऊ शेजारी असताना, माझ्या हातात. “ताई, चालवून या. घाई करू नका.”

ओल्या रेघा इथं एकात एक मिळाल्या. अठ्ठावन्न हजार ठरले.

रात्री नऊला मालकांचा फोन आला. एक सांगायचं राहिलं होतं. जादा दिवे बसवताना हेडलाइटची वायर कापून जोडली आहे, पावसाळ्यात त्रास देईल. त्याचे हजार रुपये कमी द्या. मी मामांना कळवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मग इंजिनाचं सांगितलंय तेबी खरंच असणार. घ्या बिनघोर.”

कागदपत्रांसाठी फॉर्म २९ आणि ३० भरले. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. इचलकरंजीच्या मालकांनी दुसऱ्याच दिवशी सह्या करून ठेवल्या होत्या. चासी नंबरचा ठसा मामांनी घेतला. हँडलच्या मुळाशी जो नंबर कोरलेला असतो, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल हलक्या हातानं घासली, आणि एकेक अक्षर कागदावर उमटत गेलं. त्यांनी दोन ठसे काढले. “एक ऑफिसला. एक तुमच्याजवळ असू दे.” तो माझ्या टाचणवहीत आहे.

जानेवारीत मी त्यांना पन्हाळ्याला घेऊन गेले. पैसे ते घेणार नव्हते, आणि मला दुसरं काही सुचेना. साताठ वेळा नको म्हणाले, मग स्वच्छ शर्ट घालून शेडच्या दारात उभे राहिले. जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण कुणाच्या मागं आरामात बसून फिरायला गेलो न्हाई, असं म्हणाले. मागच्या टेकूला पाठ टेकवून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले. वाघबीळच्या चढाला पहिल्या वळणावर हळूच म्हणाले, “तिसरा.” मी तिसरा गिअर टाकला. त्यानंतर वरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

वर पोचल्यावर मी गाडी बंद करणार, तर त्यांनी हातानं खूण केली, चालू राहू दे. दरीकडे पाठ करून ते इंजिनाशी वाकले, कान लावला.

“उद्या सकाळी आणा. टॅपेट जरासा वाजतोय.”

झुणका-भाकर आणि दही खाल्लं, उन्हात बसलो, उतरून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेडवर गेले. “आत्ताच चालवत आलाय, गार होऊ दे,” म्हणाले, आणि दुसऱ्या गाडीचं काम करत राहिले. मी तिथंच बाकावर वह्या तपासल्या. बऱ्याच वेळानं येऊन त्यांनी इंजिनावर तळवा टेकवला, मग पाना घेतला. काम झाल्यावर म्हणाले, दीडशे रुपये. मी दोनशेची नोट दिली. त्यांनी डब्यातून शोधून पन्नास परत दिले.