आतल्या माणसाची साक्ष

दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. मग डोंगराचे खरे रूप सांगायचे कोणी? वर राहून आलेल्याने सांगावे म्हटले, तर त्याच्या पायांत काटे मोडलेले असतात; तो बहुधा काट्यांविषयीच बोलतो. अध्यक्ष, मंत्री, पुढारी अशा मोठ्या माणसांच्या सहवासात वर्षानुवर्षे काम करून पुढे दूर झालेल्या मंडळींच्या आठवणी वाचताना मला हा पेच नेहमी पडतो. आतल्या माणसाला जे दिसते ते बाहेरच्याला दिसत नाही, हे खरेच. पण तो बाहेर का आला, तेही त्याच्या शाईत मिसळलेले असते.

सध्या हा पेच एका पत्राच्या रूपाने माझ्या टेबलावर येऊन पडला आहे. नांदेड आणि लातूर यांच्या मधल्या एका गावी एका शिक्षणसंस्थेचा मी एकोणीस वर्षे कार्यवाह होतो. शिक्षकांच्या नेमणुकांवरून अध्यक्षांशी मतभेद झाला, मी राजीनामा दिला आणि नांदेडला येऊन राहिलो. त्याला आता अकरा वर्षे झाली. यंदा अध्यक्षांचे अमृतमहोत्सवी वर्ष. गौरवग्रंथ निघतो आहे, आणि ‘आपल्यासारख्या निकटवर्तीयाचा लेख हवाच’ असा संपादक मंडळाचा आग्रह आहे. सौ. म्हणते, “चार गोड शब्द लिहा आणि मोकळे व्हा. त्यांच्याच पगारावर मुलं शिकली आपली.” लातूरचा माझा मित्र फोनवर म्हणतो, “अरे, हीच वेळ आहे. सगळं काढ बाहेर!” दोघांच्याही मते लेख एका रात्रीत होण्यासारखा आहे. मला मात्र महिना झाला तरी पहिली ओळ सुचत नाही.

म्हणून मी इतरांनी काय केले ते पाहू लागलो. पंडित नेहरूंचे एके काळचे खासगी सचिव एम. ओ. मथाई १९५९ साली, आरोपांच्या गदारोळात, त्या कामातून दूर झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले १९७८ मध्ये. नेहरू १९६४ सालीच गेलेले. उत्तर द्यायला कोणी नाही. पुस्तक चवीने वाचले गेले, पण चव आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांचे सचिव पी. एम. नायर यांनी २००८ साली लिहिले ते प्रेमाने. प्रेमाची साक्षही सावधपणे घ्यावी लागते. तरी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मनात राहते. कलामांचे पन्नासएक नातेवाईक राष्ट्रपती भवनात आठवडाभर राहून गेले, तेव्हा त्यांच्या राहण्या-जेवण्याचा साडेतीन लाखांच्या घरातला खर्च कलामांनी स्वतःच्या खिशातून भरला. इथे विशेषण एकही नाही. आहे तो हिशेब. हिशेब तपासता येतो, विशेषण तपासता येत नाही.

पण दिल्ली कशाला? आमच्या मराठवाड्यातच याचे उत्तम उदाहरण आहे. स्वामी रामानंद तीर्थ हे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष. संघटनेवरची बंदी १९४६ च्या जुलैत उठली, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत बुर्गुल रामकृष्णराव यांच्यावर त्यांनी अगदी थोड्या मतांनी मात केली. म्हणजे घरातच जवळजवळ निम्मे लोक विरुद्ध. १५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबादेत तिरंगा फडकवून ते तुरुंगात गेले. मध्यंतरी सुटले, २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा पकडले गेले, आणि निजामाची सत्ता १७ सप्टेंबरला संपली तेव्हाच बाहेर आले. लढ्याच्या ऐन कसोटीच्या महिन्यांत अध्यक्ष असा गजाआड! बाहेरची सूत्रे दिगंबरराव बिंदूंच्या कृतिसमितीकडे होती.

त्याच काळात, ३० जानेवारी १९४८ रोजी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. रक्कम त्या काळचे वीस लाख रुपये. मला विशेष वाटते ते पुढचे: त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे तो दिलाही गेला. लुटीचाही हिशेब! अध्यक्ष तुरुंगात असताना हाताखालची माणसे कशी वागतात, यावरून अध्यक्षाची जात कळते. समोर असताना काय, सगळेच सरळ वागतात.

विजयानंतर फाटाफूट झाली. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे डाव्या विचारांचे सहकारी काँग्रेसमधून बाहेर पडले. स्वामीजी आतच राहिले. मतभेद लहान नव्हते. पण स्वामीजींच्या नावाने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी संशोधन संस्था उभी राहिली, ती उभारण्यात हेच गोविंदभाई पुढे होते. नांदेडच्या विद्यापीठाला १९९४ साली स्वामीजींचे नाव मिळाले ते सरकारच्या ठरावाने. पण साथ सोडून गेलेल्या माणसाने जपलेले नाव मला त्याहून वजनदार वाटते. त्याला ना पद मिळायचे होते, ना जुना राग फेडायचा होता.

दुसऱ्या बाजूचाही एक आतला माणूस होता. निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले आणि १९६२ साली त्यांनी हैदराबादची आपली कहाणी प्रसिद्ध केली. ती वाचू नये असे मी म्हणणार नाही. कोण, कुठे बसून, कशासाठी सांगतो आहे, हे ध्यानात ठेवून वाचली म्हणजे वैऱ्याच्या पुस्तकातूनही सत्याचे दाणे निघतात. जोंधळा पाखडून घ्यावा, तसे.

या सगळ्यातून माझ्यापुरते ठरले ते असे. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहायचे. अध्यक्षांनी दुष्काळाच्या साली वसतिगृह बंद पडू दिले नाही, स्वतःच्या शेतातली ज्वारी गाडीने आणून टाकली. ती पोती मी मोजून घेतली आहेत, आकडा लिहायचा. नेमणुकांच्या बाबतीत त्यांनी समितीचा निर्णय तीनदा बाजूला सारला. त्या तिन्ही सभांची इतिवृत्ते माझ्या अक्षरात आहेत, तारखा लिहायच्या. लोक बोलत होते ते मात्र लिहायचे नाही. लोक माझ्याविषयीही बोलतच होते. आणि अगदी आरंभी सांगून टाकायचे की हा लेखक अध्यक्षांशी भांडून बाहेर पडलेला आहे, वाचकांनी त्याचे शब्द त्या मापाने मोजून घ्यावेत.

असा लेख गौरवग्रंथात बसेल की नाही, संपादक जाणोत. सौ. म्हणते, परत येईल. लातूरचा मित्र म्हणतो, हा तर पळपुटेपणा झाला. दोघेही नाराज आहेत. त्यावरून मला वाटते, लेखाचे माप बहुधा बरोबर बसले असावे.