बुरशीचं विरजण

बुरशी म्हटली की आपल्या कपाळाला आठी पडते. लोणच्यावर पांढरा थर दिसला, पावसाळ्यात पापडांच्या डब्याला कुबट वास आला, की जीव कसा हळहळतो! ती बुरशी मुद्दाम, ज्वारी शिजवून घरात वाढवायची, असं कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. पण मैत्रिणींनो, ट्रायकोडर्मा नावाच्या हिरव्या बुरशीनं आमच्या हरभऱ्याची राखण केली आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही राहतो तालुक्याच्या गावी. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. शेती थोरल्या जाऊबाई बघतात. दोन एकर हरभऱ्यावर पुतणीच्या वसतिगृहाची फी अवलंबून. लागोपाठ दोन वर्षं झाडं उभ्या उभ्या वाळली. खोड चिरलं की आत काळसर तपकिरी रेघ. हा मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि झाडाच्या पाण्याच्या वाटा अडवते. पीक नसलं तरी ती जमिनीत सहा-सहा वर्षं टिकते. झाड वाळायला लागल्यावर वरून फवारण्यात काही अर्थ नाही. “पोरीला घरी बसवू का गं?” असं जाऊबाईंनी विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

उपाय पेरणीच्या आधीच करायचा असतो, हे आम्हाला कृषी विज्ञान केंद्रात कळलं. ट्रायकोडर्मा मुळांभोवती आधीच ठाण मांडते. रोगाच्या बुरशीच्या तंतूंना ती वेटोळे घालते, त्यांचं कवच विरघळवते आणि त्यांच्यावरच पोसते. वाइंडलिंग या शास्त्रज्ञानं 1932 साली तिचा हा गुण दाखवून दिला होता.

आता कृती. ती दह्यासारखीच, फक्त विरजण कृषी विद्यापीठाच्या किंवा केंद्राच्या प्रयोगशाळेतूनच आणायचं. ज्वारी रात्रभर भिजवा, अर्धवट शिजवा, निथळून कापडावर पसरा. दाणे वरून कोरडे झाले की उष्णता सोसणाऱ्या पिशव्यांत अर्ध्यापर्यंत भरा, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि कुकरमध्ये पाऊण ते एक तास वाफवा. पूर्ण निवाल्यावर, वारा नसलेल्या खोलीत, स्पिरिटच्या दिव्याजवळ थोडं विरजण घाला. पिशव्या सावलीत ठेवा, अधूनमधून हलवा. आठ-दहा दिवसांत दाणे हिरवे होतात. मग शंभर किलो कुजलेल्या ओलसर शेणखतात एक किलो दाणे मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा, मध्ये एकदा खालीवर करा. दसऱ्याच्या सुमाराला सुरुवात केली की पेरणीला खत तयार! बियाण्याला मात्र विकत मिळणारी पूड बरी. किलोला पाच ग्रॅम चोळून सावलीत वाळवायचं.

चार गोष्टी गाठीला बांधून ठेवा. हिरवी दिसते म्हणून भाकरीवरची किंवा शेंगदाण्यावरची बुरशी विरजण म्हणून घेऊ नका. दाण्यांवरच्या काही बुरश्या विषारी असतात. पिशवीत काळा, गुलाबी रंग दिसला किंवा आंबूस वास आला तर ती न उघडता पुरून टाका. या कामाचा कुकर वेगळा ठेवा आणि हिरवे दाणे हाताळताना नाकातोंडाला फडकं बांधा. बुरशी मारणारं रासायनिक औषध यात मिसळलंत तर आपलीच राखणदारीण मरेल.

तिसऱ्या वर्षी मर अजिबात आली नाही असं नाही, पण झाडं गेली ती तुरळक. श्रेय एकट्या बुरशीचं नाही. जाऊबाईंनी मर रोगाला दाद न देणारा ‘विजय’ वाणही पेरला होता. पण फी वेळेवर भरली गेली, हे खरं.

बियाणं निवडणं, राखेत जपणं, पेरायला काढून देणं ही कामं बायकांचीच. स्वच्छ हात, निवालेलं भांडं आणि विरजणाची पारख हेही आपल्याला शिकवावं लागत नाही. तुमच्या सासरी-माहेरी कुणी हरभरा किंवा तूर पेरत असेल, तर यंदा पेरणीच्या तीन आठवडे आधी त्यांना एवढं नक्की सांगा.