बाभुळगांवची वाट आणि टपावरचें ओझें

यवतमाळाहून धामणगांवकडे निघालें म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरांवर बाभुळगांव लागतें. तालुक्याचें ठिकाण, भोंवतीं कपाशीचीं काळीं रानें, आणि नांवच सांगतें त्याप्रमाणें एके काळचें बाभळींचें राज्य. बाभूळ कवींस फारशी प्रिय नाहीं. सांवली विरळ, कांटे मात्र उदंड! परंतु तिची किंमत गाडीवानास विचारावी. जूं, चाकाचा तुंबा, आरे, असें बैलगाडीचें जें जें अंग झिजावयाचें, तें तें बाभळीच्या चिवट लांकडाचें करण्याची आपल्याकडील जुनी चाल. अमरकोशकारांनीं चाकाच्या घेरास नेमि, तुंब्यास नाभि आणि आंसाच्या टोंकावरील खिळ्यास अणि अशीं निरनिराळीं नांवें नोंदविलीं आहेत. इतक्या बारीक शब्दांची ज्यांस गरज पडली, त्यांस ओझें वाहण्याचें शास्त्रही ठाऊक असलें पाहिजे. तें शास्त्र आम्हीं शाळेंत कधीं शिकविलें नाहीं. साठी उलटल्यावर बाभुळगांवच्या वाटेवर तें आम्हांसच शिकावें लागलें.

आमचें आजोळ याच तालुक्यांतलें. खडक सावंगा येथें बेंबळा नदीवर धरण झालें, चालू शतकाच्या पहिल्या दशकांत पाणी अडूं लागलें, आणि बुडित क्षेत्रांत जीं घरें गेलीं त्यांत आमच्या मामांचें एक. बेंबळा वर्धेस मिळते, वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरींत जाते. तेव्हां मामांच्या अंगणावरून आज वाहतें तें गोदामाईच्याच वाटेचें पाणी, असें आम्हीं मनाचें समाधान करून घेतलें होतें. मामा आतां नाहींत. मामींस ब्यायशीं वर्षें झालीं. गेल्या कार्तिकांत त्या म्हणाल्या, "दिवसा दोनदां पाहून आलें रे. एक रात्र तिथं काढावीशी वाटते." मग कोण नाहीं म्हणणार? ओळखीच्या एका शेतकऱ्याचें रान पाण्यापासून जवळ होतें. त्याची संमति मिळाली, आणि मार्गशीर्षांतला एक दिवस ठरला.

मंडळी सात, गाडी एक. आमच्या पुतण्यानें आपल्या मोटारीच्या टपावर नवें लोखंडी कॅरिअर बसवून घेतलें होतें. तंबू, पांच वळकट्या, भांड्यांची पेटी, पिण्याच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन, सर्व कांहीं वर चढवावें, म्हणजे आंत पाय पसरून बसतां येईल, असा आमचा बेत. पुतण्यानें गाडीबरोबर आलेली पुस्तिका पुढें केली. त्या गाडीच्या टपावर ७५ किलोग्रॅमपेक्षां अधिक भार घालूं नये, आणि त्यांत कॅरिअरचेंही वजन धरावें, असें तींत स्पष्ट होतें. कॅरिअर २० किलोंचें. उरले ५५. एका लिटर पाण्याचें वजन एक किलो, म्हणजे नुसत्या पाण्यानेंच ४० किलो खाल्ले. तंबूचे १८, वळकट्यांचे २०, पेटीचे १५, बेरीज ९३! आयुष्यभर बेरजा तपासलेल्या आम्हांस मान खालीं घालावी लागली. पाणी खालीं, मधल्या बैठकीच्या पायांशीं गेलें. वर उरले ५३.

यांतलें मर्म केवळ वजनाचें नाहीं. ओझें जितकें उंच, तितका गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि वळणावर ती बाहेर झुकूं पाहते. शिवाय वारा आहेच. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा रेटा चौपट होतो. गांवांत निश्चल बसलेली वळकटी हमरस्त्यावर पंख फुटल्यासारखी उठते. ओझें गाडीच्या मर्यादेबाहेर पुढेंमागें, आडवें वा उंच काढल्यास मोटार कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीप्रमाणें २०,००० रुपये दंड आहे. परंतु दंड भरून सुटतां येतें. दुसऱ्याच्या जिवाची भरपाई नाहीं.

हें शेवटलें वाक्य आम्हीं पुस्तकांतून घेतलेलें नाहीं. पुतण्यानें तंबू व पेटी पट्ट्यांनीं आवळली. वळकट्या मात्र "आम्ही बांधतों" म्हणून आम्हीं हट्टानें आपल्या हातीं घेतल्या. सुतळीचा दोर, तोही जुना; आणि सोडावयास सोपी जावी म्हणून सुरगांठ. निरगांठ कोठें द्यावी व सुरगांठ कोठें, हें लहानपणीं आजोबांनीं शिकविलेलें आम्ही त्या सकाळीं विसरलों. बाभुळगांव पांच-सहा किलोमीटर उरलें असतां टपावर फडफड झाली, आणि एक वळकटी मागें रस्त्यावर कोसळली. मागून दुचाकीवर एक तरुण शेतकरी येत होता. त्यानें गाडी कशीबशी कडेच्या मातींत घातली व घसरत घसरत थांबविली. त्याच्या पुढ्यांत चार-पांच वर्षांची मुलगी बसली होती.

दोघांस कांहीं लागलें नाहीं. आम्ही धांवत गेलों, हात जोडले. तो रागावला असता तर बरें वाटलें असतें. तो इतकेंच म्हणाला, "गुर्जी, पोरगी होती जी संग." मुलगी आमच्याकडे टकमक पाहत होती. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें बाभुळगांवपर्यंत गाडींत कोणी बोललें नाहीं.

बाभुळगांवास चहासाठीं थांबलों. दुकानापाशीं एक वृद्ध गाडीवान बसला होता. त्यानें आमच्या गाडीकडे पाहिलें आणि हंसून म्हणाला, "गाडी उलाळ झाली ना जी!" ओझें मागें अधिक झालें म्हणजे बैलगाडीचें जूं वर उचललें जातें, बैलांच्या गळ्यास फांस बसतो, त्यास उलाळ म्हणतात. तंबू व पेटी, दोन्ही जड वस्तु, आम्हीं टपाच्या मागल्या टोंकास ठेविल्या होत्या. त्यानें जन्मभर कपाशीच्या बंड्या भरलेल्या. त्याच्या सांगण्यावरून सर्व उतरविलें. जड तें तळाशीं व मध्यें, हलकें भोंवतीं, सर्वांवर ताडपत्री, तिचें तोंड मागें, म्हणजे वारा आंत शिरत नाहीं. पुढून मागें दोन आणि आडवे दोन असे नवे पट्टे, टोंकें मोकळीं न लोंबतां आंत खोंवलेलीं. मग तो म्हणाला, ओझें हलवून पाहूं नका, ओझें धरून गाडी हलवून पाहा. गाडी हलली पण ओझें हललें नाहीं, तर बांधणी खरी. आणि दोन कोसांवर एकदां उतरून पट्टे पुन्हां आवळा, कारण ओझें वाटेंत बसतें व पट्टे सैल पडतात.

मामी हें सर्व खिडकींतून पाहत होत्या. त्यांनीं आपलें लहानसें गांठोडें पुढें केलें व म्हणाल्या, "हें सगळ्यांच्या वर ठेवा. गांव सोडतांना देव, निरांजन आणि काडेपेटी मीं सर्वांत शेवटीं बंडीवर ठेविली होती. नव्या जागीं अंधार पडायच्या आंत तींच आधीं लागतात."

सायंकाळीं पाण्याच्या कांठीं पोहोंचलों तेव्हां त्या बोलण्याचा अर्थ समजला. तंबू उभारण्यापूर्वींच गांठोडें उतरलें, निरांजन लागलें, आणि मामी पश्चिमेकडे तोंड करून बसल्या. कोठें घर, कोठें आड, हें त्यांनीं मुलांस बोटानें दाखविलें. बोटाखालीं नुसतें पाणी होतें. मुलांनीं मात्र तें घर पाहिलें असावें, कारण त्यांनीं विचारलें, "आजी, दार कुठल्या बाजूला होतं?" मामी पुष्कळ वेळ सांगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीं परतीचें ओझें पुतण्यानें बांधलें. आम्हीं फक्त टोंकें धरलीं. आणि मधें एके ठिकाणीं गाडी थांबवावयास सांगून, खालीं उतरून, पट्टे स्वतः आवळून पाहिले. तेथेंच आदल्या दिवशीं वळकटी पडली होती.