दिवसाचे पन्नास रुपये

कापूस फुटला की जळगाव जामोदात एक वाक्य हमखास कानी पडतं: "आता कोन येते वेचायले? बायाईले घरबसल्या पंधराशे भेटते!" बोलणारा बहुधा बरी जमीन असलेला कास्तकार. त्याच्याही खात्यात पीएम किसानचे वर्षाला 6,000 पडतात. पण ते त्याच्या हिशेबी हक्काचे.

लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये जुलै 2024 पासून सुरू झाले. दिवसाला पडतात 50 रुपये. वेचणी म्हणजे काय, तर कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घ्यायची आणि संध्याकाळी काट्यावर भरतील तितक्या किलोंची मजुरी घ्यायची. 50 रुपयांच्या जोरावर एखादी बाई याला नाही म्हणत असेल, तर आधी वेचणीचा दर तपासायला हवा.

ही कुरकुर जुनीच आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला. तेव्हाही मोठे शेतकरी मजूर मिळत नाहीत म्हणून ओरडत होते. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्याच्या पगारातून तो अजून कापला जातो. कशापायी, ते कापून घेणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असतं.

बरं, फुकटाचा शिक्का मजुरावरच बसतो असंही नाही. आमच्या बुलढाण्यासह 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना स्वस्त गहू-तांदूळ मिळायचा. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये देण्याचं ठरलं. दुकानात गव्हाचा भाव चढला की ही रक्कम आपोआप चढत नाही.

कास्तकाराची अडचण खोटी नाही. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, आणि व्यापाऱ्याच्या दारात तेवढा मिळेलच याची हमी कुणीच देत नव्हतं. त्यातून मजुरी वाढवायची कुठून? (आमच्या तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस, पिकं, राजा सगळ्यांचं भाकीत होतं, मजुरीचं मी तरी कधी ऐकलं नाही.) पण भावाचं भांडण सरकारशी आणि बाजाराशी आहे. ते तिथे भांडायचं सोडून आपण वेचणाऱ्या बाईच्या 1,500 वर घसरतो, कारण ती उलटून बोलत नाही.

यंदा वेचणीला किलोमागे दोन-तीन रुपये वाढवून बघा. तरीही बाया आल्या नाहीत, तर मग पंधराशेला नावं ठेवा.